शिळे होणारे पॉइंट : डिस्नेच्या सुट्टीविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील वाचकांकडून या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत ‘डिस्नेचे पॉइंट’ हा विषय वारंवार डोकावतो, म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर डिस्ने व्हेकेशन क्लब ही १९९१ मध्ये सुरू झालेली टाइमशेअर योजना आहे. सभासद एखाद्या रिसॉर्टमधला ठरावीक मुदतीचा हिस्सा विकत घेतो, त्याला दरवर्षी ठरलेले पॉइंट मिळतात आणि ते खर्च करून त्याला फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणुकीच्या पार्कांच्या परिसरात किंवा कॅलिफोर्निया, हवाई अशा ठिकाणच्या क्लबच्या रिसॉर्टमध्ये राहता येते. शिवाय आपण सोसायटीचा मेंटेनन्स भरतो तसा देखभालीचा आकार त्याला दरवर्षी भरावा लागतो, मग तो सुट्टीवर जावो अथवा न जावो. मी स्वतः बरीच वर्षे सभासद आहे, त्यामुळे पुढील उत्तरांत नियमांइतकाच ठेचकाळल्याचा अनुभवही आहे.

प्रश्न : आमच्याकडे साराटोगा स्प्रिंग्ज या रिसॉर्टचे १६० पॉइंट आहेत आणि आमचे वापरवर्ष डिसेंबरमध्ये सुरू होते. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. शाळेला सुट्टी लागली की आम्ही खोली शोधायला बसतो. तेव्हा एक तर खोलीच नसते, नाही तर पॉइंट पुरत नाहीत. गेल्या वर्षी ४० पॉइंट वायाही गेले. आमचे नेमके काय चुकते?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पॉइंट म्हणजे बँकेतली शिल्लक असे आपण धरून चालला आहात, प्रत्यक्षात पॉइंट म्हणजे मंडईतून आणलेली कोथिंबीर. ती कधी आणली आणि किती दिवस टिकेल हे ज्याच्या लक्षात राहते, त्याच्याच घरी ती पुरते.

आपले वापरवर्ष, ज्याला सभासद ‘यूज इयर’ म्हणतात, १ डिसेंबरला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपते. त्या वर्षात न लागणारे पॉइंट पुढील वर्षात ढकलता येतात. याला ‘बँक करणे’ म्हणतात. मात्र हे काम वापरवर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतच करावे लागते, म्हणजे आपली अखेरची तारीख ३१ जुलै. १ ऑगस्ट उजाडला की उरलेले पॉइंट ३० नोव्हेंबरपर्यंत वापरायचे, नाही तर त्यांच्यावर पाणी सोडायचे. आपले ४० पॉइंट असेच गेले असावेत. माझे एकदा याहून जास्त गेले आहेत, आणि तेही एका दिवसाने. तारीख महिन्याची अखेर होती आणि मी पुढच्या महिन्याची पहिली धरून बसलो होतो. ग्राहक सेवेतील बाई फार गोड बोलल्या, पण पॉइंट परत आले नाहीत.

एकदा बँक केलेले पॉइंट दुसऱ्यांदा पुढे ढकलता येत नाहीत. उलट दिशेने, पुढील वर्षाचे पॉइंट या वर्षी उसने घेता येतात, परंतु ते पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत. म्हणून आधी बँक केलेले, मग चालू वर्षाचे आणि खरोखरच कमी पडले तरच उसने, या क्रमाने खर्च करावा. मागील, चालू आणि पुढील अशा तीन वर्षांचे मिळून आपल्याला एका मुक्कामासाठी ४८० पॉइंट उभे करता येतात. दरवर्षी १६० पॉइंटांत कशीबशी एक खोली मिळवण्यापेक्षा एक वर्षाआड ३२० पॉइंटांची ऐसपैस सुट्टी घेणे चौघांच्या कुटुंबाला बहुधा अधिक मानवते, कारण विमानाची आणि पार्कची तिकिटेही मग एक वर्षाआडच काढावी लागतात.

आता खोली न मिळण्याविषयी. ज्या रिसॉर्टचे पॉइंट आपण घेतले आहेत, त्या होम रिसॉर्टमध्ये मुक्कामाच्या ११ महिने आधी आरक्षण करता येते; क्लबच्या इतर रिसॉर्टमध्ये ७ महिने आधी. समजा, आपल्याला १० जुलैला पोहोचायचे आहे. साराटोगा स्प्रिंग्जचे आरक्षण आदल्या वर्षीच्या १० ऑगस्टला उघडेल आणि बाकीच्या रिसॉर्टचे १० डिसेंबरला. आता या तारखा मघाच्या ३१ जुलैशेजारी मांडून पाहा. पुढच्या जुलैच्या सुट्टीत या वर्षीचे पॉइंट वापरायचे असतील तर ते ३१ जुलैच्या आत बँक झालेले हवेत आणि त्यानंतर दहाच दिवसांनी आरक्षण करायचे आहे. म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा आणि ऑगस्टचा दुसरा आठवडा एवढे दोनच प्रसंग आपल्या वर्षात कामाचे आहेत, आणि शाळेला सुट्टी लागते तेव्हा हे दोन्ही प्रसंग केव्हाच होऊन गेलेले असतात. हे दोन दिवस घरच्या कॅलेंडरवर गणपतीच्या तारखेइतक्या ठळक अक्षरांत लिहून ठेवावेत.

साराटोगा स्प्रिंग्ज हे क्लबच्या सर्वांत मोठ्या रिसॉर्टपैकी एक असल्यामुळे साध्या हंगामात तेथे जागा उशिरापर्यंत शिल्लक असते. म्हणून जुने सभासद ११ महिने आधी तेथील खोली पदरात पाडून घेतात आणि ७ महिन्यांची खिडकी उघडते त्या सकाळी बीच क्लब किंवा बोर्डवॉकसारख्या, एपकॉट पार्कला पायी जाता येईल अशा रिसॉर्टमध्ये प्रयत्न करतात. मिळाली तर खोली बदलायची, नाही तर हातची आहेच. वेटलिस्टही लावता येते.

न्यू जर्सीकरांना एक वेगळी सूचना करावीशी वाटते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे आपल्याकडील शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. ही संधी फक्त आपल्यालाच सुचली असा समज करून घेऊ नये. त्या आठवड्याला ऑरलँडोत ‘जर्सी वीक’ असेच नाव पडले आहे. आणि गर्दीपेक्षाही मोठा धोका आपल्या वापरवर्षाचा आहे. नोव्हेंबर हा आपला शेवटचा महिना. ऐन वेळी मूल आजारी पडले आणि मुक्काम रद्द करावा लागला, तर बँक करण्याची मुदत कधीच टळलेली असेल आणि पॉइंट ३० तारखेला मरतील. हाच मुक्काम एप्रिलमध्ये असता, तर रद्द केलेले पॉइंट ३१ जुलैपर्यंत निवांत पुढे ढकलता आले असते. त्यातही मुक्कामाच्या किमान ३१ दिवस आधी रद्द करावे. त्यानंतर रद्द केल्यास पॉइंट ‘होल्डिंग’ खात्यात जातात आणि मग फक्त येत्या ६० दिवसांतल्या मुक्कामासाठीच वापरता येतात.

राहिला प्रश्न पॉइंट कमी पडण्याचा. प्रत्येक खोलीचा दर हंगामानुसार बदलतो; नाताळ आणि ईस्टरच्या सुट्टीत तो सर्वाधिक असतो, आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री इतर रात्रींपेक्षा महाग असतात. रविवारी दुपारी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघालात तर पाचही रात्री स्वस्त दरात पडतात. दोन रात्रींचे वाचलेले पॉइंट पुढच्या सुट्टीची सुरुवात असते.

प्रश्न : सांगलीहून माझे आई-वडील उन्हाळ्यात येत आहेत. दोघेही सत्तरी ओलांडलेले. आम्ही दोघे आणि आठ व पाच वर्षांची मुले धरून सहा जण होतो. आमच्याकडे अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाजचे २२० पॉइंट आहेत. दोन स्टुडिओ घ्यावेत की मोठी खोली? आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही.
— एक वाचक, प्लेनो, टेक्सास

उत्तर : पॉइंटांचा विचार केला तर दोन स्टुडिओ दोन बेडरूमच्या व्हिलापेक्षा स्वस्त पडतात. परंतु ते शेजारी-शेजारी मिळतील याची हमी नसते, आणि स्टुडिओत मायक्रोवेव्ह, छोटा फ्रीज आणि कॉफीचे यंत्र यापलीकडे स्वयंपाकाची सोय नसते. आपल्या आईंचा नेम लक्षात घेता मी दोन बेडरूमचीच शिफारस करेन. आपल्या रिसॉर्टचे जांबो हाउस आणि किदानी व्हिलेज असे दोन भाग आहेत. किदानीमधील दोन बेडरूमच्या व्हिलात नऊ जणांची सोय आहे, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचे व वाळवण्याचे यंत्र आहे आणि मुख्य म्हणजे तीन न्हाणीघरे आहेत. सकाळी सातला सहा माणसांना तयार होऊन बाहेर पडायचे असते, तेव्हा या तिसऱ्या न्हाणीघराचे मोल कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक वाटते. गेल्या वर्षीचे पॉइंट बँक केलेले असतील तर आपल्या हाती ४४० आहेत. त्यांत पाच रात्री बसाव्यात, मात्र त्या वर्षाचा पॉइंटांच्या दरांचा तक्ता पाहूनच नक्की करावे.

स्वयंपाकघरात शेगडी, ओव्हन, भांडी, डिशवॉशर सारे असते. तांदूळ, डाळ, भाजी आणि दही ऑनलाइन मागवून रिसॉर्टवर घेता येते. घरून फक्त मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर न्यावा. एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेवा : फोडणी बेताच्या आचेवर करायची आणि त्याआधी पंखा लावायचा. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी पहिल्याच सकाळी पोह्यांसाठी तेल चांगले कडकडीत तापवले, मोहरी-हिंग पडताच छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला, आणि पाच मिनिटांत सुरक्षारक्षक दाराशी उभा राहिला. त्याला पोहे दिले; त्याने खाल्लेही. पण पुढचे चार दिवस सासूबाईंनी त्या शेगडीकडे संशयानेच पाहिले.

बाहेर जेवायचे झाले तर किदानीमध्येच ‘सना’ नावाचे उपाहारगृह आहे. आफ्रिकी आणि भारतीय अशा मिश्र धाटणीचा स्वयंपाक तेथे होतो. नान आणि त्यासोबत वेगवेगळ्या चटण्या-कोशिंबिरींचे ताट हा तेथला प्रसिद्ध पदार्थ आहे आणि शाकाहारी माणसाचे त्यावर उत्तम भागते. कांदा-लसणाचे मात्र वाढणाऱ्याला स्पष्ट विचारावे. खिडकीची जागा मिळाली तर समोर कुरणात चरणारे प्राणी दिसतात. ‘सॅव्हाना’ दृश्याची खोली घेतली तर तेच प्राणी आपल्या गॅलरीतून दिसतात, पण तिला पॉइंट जास्त पडतात. पॉइंट वाचवण्याचा माझा स्वभाव असूनही आजी-आजोबा सोबत असताना मी ही एक चैन करतो. माझे वडील पहाटे चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले होते. समोरून जिराफ चालत आला आणि झाडाची पाने खाऊ लागला. अर्ध्या तासाने मी पाहिले तेव्हा चहाचा कप तसाच भरलेला होता.

दोन अडचणीही सांगतो. किदानीचे व्हरांडे फार लांब आहेत, त्यामुळे लॉबीजवळची खोली मिळावी अशी विनंती आरक्षणातच नोंदवावी. तेथून सर्व पार्कला बसनेच जावे लागते. वडिलांना चालण्याचा त्रास असेल तर ७ महिन्यांच्या खिडकीत क्लबचे बे लेक टॉवर हे रिसॉर्टही पाहावे. तेथून मॅजिक किंगडम पार्क पायी काही मिनिटांवर आहे आणि मोनोरेलही जवळ आहे. पार्कमध्ये चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. बॅटरीवरच्या गाड्या मोजक्या असतात आणि सकाळीच संपतात. जुलैत ऊन आणि दुपारचा वळीव दोन्ही ठरलेले असतात. सकाळी लवकर जावे, दुपारी खोलीवर येऊन वामकुक्षी घ्यावी आणि संध्याकाळी पुन्हा निघावे.

प्रश्न : पॉइंटांवर पार्कची तिकिटे मिळतात का?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : नाही. पॉइंट केवळ राहण्यासाठी असतात. खोली ‘फुकट’ मिळाल्याच्या आनंदात हा खर्च अनेक जण विसरतात, आणि चौघांच्या कुटुंबाला तोच सर्वांत जड जातो.

तिकिटात बचत करण्याचे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, आणि तीन ते नऊ या वयाचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा थोडे कमी असते. धाकट्याचा तिसरा वाढदिवस जवळ आला असेल तर सुट्टी त्याच्या आधी घ्यावी. जितक्या जास्त दिवसांचे तिकीट, तितका दर दिवसाचा दर उतरतो. ज्यांनी पॉइंट थेट कंपनीकडून घेतले आहेत आणि जे सभासद-सवलतींना पात्र आहेत, त्यांना ‘सॉर्सरर’ नावाचा वार्षिक पास घेता येतो. मात्र थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या ऐन दिवसांत तो चालत नाही. पास वर्षभर चालतो, म्हणून एका वर्षी जुलैच्या उत्तरार्धात आणि पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला असे दोन मुक्काम एकाच पासात बसवावेत आणि तिसऱ्या वर्षी पार्कला विश्रांती देऊन पॉइंट बँक करावेत. माझ्या माहितीत याहून किफायतशीर जुळणी दुसरी नाही.

परिसरात राहण्याचा फायदा तिकिटावर नसला तरी वेळेवर निश्चित होतो. रिसॉर्टमधील पाहुण्यांना प्रत्येक पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. रांग टाळण्यासाठी पैसे मोजून घ्यायचा लाइटनिंग लेनचा पासही त्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी घेता येतो, बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस आधी. हे पैसे खर्च करण्यापूर्वी मुलांची उंची मोजा. स्पेस माउंटन आणि ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ या दोन्ही राइडना ४४ इंच उंची लागते. दोन इंचांनी कमी पडलेले मूल भर उन्हात रांगेच्या तोंडाशी रडत असल्याचे दृश्य प्रत्येक फेरीत एकदा तरी दिसते.

प्रश्न : ऑरलँडोला सुट्टीवर असताना एका टाइमशेअर कंपनीच्या सादरीकरणाला गेलो. दीड तास सांगून चार तास बसवून ठेवले, ‘ही किंमत फक्त आजच’ असे म्हणत कर्जासह सही घेतली. त्याला चार दिवस झाले. नंतर मित्र म्हणाला की डिस्नेचेच पॉइंट जुन्या सभासदाकडून स्वस्तात मिळाले असते. आता काय करावे?
— एक वाचक, फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

उत्तर : या वाचकांना मी त्याच दिवशी ई-मेल पाठवले, इतरांना उपयोगी पडावे म्हणून तेच येथे देतो. फ्लोरिडातील कायद्यानुसार टाइमशेअरचा करार सही केल्यापासून किंवा आवश्यक कागदपत्रे हातात पडल्यापासून, जे नंतर घडेल तेव्हापासून, १० दिवसांत रद्द करता येतो आणि हा हक्क कोणत्याही कागदावर सही करून सोडता येत नाही. करारात रद्द करण्याची सूचना कोठे पाठवायची तो पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर लेखी पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. फोनवर बोलण्यात वेळ घालवू नये, कारण फोनवरचा माणूस आपल्याला थांबवण्यासाठीच बसलेला असतो. दहा दिवस उलटले असतील तर मात्र ‘तुमचा टाइमशेअर सोडवून देतो, आधी पैसे भरा’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे; ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकेची सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, त्यांच्याविषयी सतत सावध करत असते.

आता मित्राच्या सल्ल्याविषयी. डिस्नेचे पॉइंट जुन्या सभासदाकडून बरेच स्वस्त मिळतात, हे खरे आहे. पण स्वस्त मालात काय नाही हेही पाहावे लागते. १९ जानेवारी २०१९ नंतर अशा रीतीने पॉइंट घेणाऱ्यांना केवळ जुन्या १४ रिसॉर्टमध्येच ते वापरता येतात. रिव्हिएरा आणि त्यानंतरची रिसॉर्ट त्यांना बंद आहेत. उलट रिव्हिएराचे पॉइंट दुसऱ्याकडून घेतले तर ते रिव्हिएरापुरतेच चालतात. २०१६ पासून अशा खरेदीदारांना सभासदांच्या सवलतीही मिळत नाहीत. प्रत्येक व्यवहारात आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क कंपनीकडे असतो, त्यामुळे सौदा पक्का व्हायला काही आठवडे लागतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे कराराची अखेर. हा जमिनीसारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा व्यवहार नाही. बीच क्लब आणि बोर्डवॉकचे करार २०४२ मध्ये संपतात, साराटोगा स्प्रिंग्जचे २०५४ मध्ये, अ‍ॅनिमल किंगडमचे २०५७ मध्ये आणि रिव्हिएराचे २०७० मध्ये. त्या दिवशी हातात काहीही उरत नाही. म्हणून किंमत विचारताना उरलेल्या वर्षांनी भागून पाहावी. उदाहरण म्हणून समजा, १२० डॉलरला एक पॉइंट मिळाला आणि ३० वर्षे शिल्लक आहेत. म्हणजे वर्षाला ४ डॉलर. देखभालीचा आकार फ्लोरिडातील बहुतेक रिसॉर्टला पॉइंटमागे ८ ते १० डॉलरच्या आसपास असतो, तो ९ धरू. एकूण १३ डॉलर, म्हणजे १५० पॉइंटांचे वर्षाला १,९५० डॉलर, आणि त्यातला मोठा भाग असा की जो दरवर्षी वाढत जातो. यात आज गुंतवलेल्या पैशावरचे व्याज धरलेलेच नाही. कर्ज काढून घेतल्यास हा हिशेब कोसळतो, कारण या कर्जाचा दर घरकर्जापेक्षा पुष्कळ चढा असतो. सांगण्याचा अर्थ एवढाच की जे कुटुंब निदान एक वर्षाआड, अकरा महिने आधी ठरवून जाणार आहे आणि रोख पैसे मोजू शकते, त्याने घ्यावे. बाकीच्यांनी एखाद्या सभासदाचे पॉइंट एका सुट्टीपुरते भाड्याने घ्यावेत. त्यात मुक्काम सहसा रद्द करता येत नाही एवढी जोखीम आहे, पण ती एकाच सुट्टीची आहे.

प्रश्न : आमच्याकडे भारतातील एका हॉलिडे क्लबचे सदस्यत्व आहे. विकताना सांगितले होते की तेच पॉइंट वापरून अमेरिकेत डिस्नेलाही राहता येईल. ते खरे आहे का? मुलांची सुट्टी एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत असते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धे खरे आहे. भारतातील अनेक क्लब आरसीआयसारख्या अदलाबदल करणाऱ्या संस्थेशी जोडलेले आहेत. आपण आपला आठवडा तेथे जमा करायचा, वेगळे शुल्क भरायचे आणि त्या बदल्यात जगात दुसरीकडचा आठवडा मागायचा. ऑरलँडो आणि शेजारच्या किसिमी भागात टाइमशेअरच्या इमारती इतक्या आहेत की दोन बेडरूमची जागा मिळणे तुलनेने सोपे असते. परंतु ती डिस्नेच्या परिसरात नसते, पार्कजवळ असते. त्यामुळे अर्धा तास आधीचा प्रवेश मिळत नाही, भाड्याची गाडी लागते, पार्किंगचे रोज पैसे पडतात आणि पार्कची तिकिटे अर्थातच वेगळी. विक्रेत्याच्या तोंडचे ‘डिस्नेला’ हे प्रत्यक्षात ‘डिस्नेपासून पंधरा-वीस मिनिटांवर’ असते. जागा मात्र बहुधा प्रशस्त असते, स्वयंपाकघर असते आणि मुलांसाठी पोहण्याचा तलावही.

आपल्या बाजूने असलेली मोठी गोष्ट म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांचे वेळापत्रक. अमेरिकेतल्या शाळा मेअखेर ते जूनमध्ये बंद होतात, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत तेथील कुटुंबे प्रवासाला निघू शकत नाहीत आणि आपली मुले मात्र मोकळी असतात. अदलाबदलीत याच आठवड्यांना जागा मिळण्याची शक्यता जास्त आणि पार्कमध्ये रांगाही जूनपेक्षा आखूड. ऊन असते, पण ठाणेकरांना मे महिन्याच्या उन्हाचे कौतुक मी सांगायला नको. फक्त अमेरिकेचा व्हिसा हातात पडल्याशिवाय अदलाबदलीचे शुल्क भरू नका. मुलाखतीची तारीख मिळायलाच पुष्कळ थांबावे लागू शकते.

प्रश्न : माझे २८ पॉइंट ३० सप्टेंबरला संपत आहेत. बँक करण्याची मुदत गेली. ते वाया जाऊ देणे जिवावर येते.
— एक वाचक, टँपा, फ्लोरिडा

उत्तर : आपण टँपात राहता, म्हणजे तास-दीड तासाच्या रस्त्यावर, इतरांना हे भाग्य नाही. सप्टेंबरमध्ये पॉइंटांचे दर वर्षातले सर्वांत कमी असतात. साराटोगा स्प्रिंग्ज किंवा ओल्ड की वेस्टमध्ये रविवार ते गुरुवार या दरम्यान स्टुडिओच्या दोन रात्री एवढ्या पॉइंटांत निघू शकतात. आजच संकेतस्थळावर पाहा, आणि एकच रात्र मोकळी दिसली तर तीही घ्या. दुसरीसाठी वेटलिस्ट लावता येते. स्वतःला जाणे शक्य नसेल तर हेच आरक्षण नातेवाइकांच्या किंवा मित्रांच्या नावाने करता येते. दिवस वादळांचे असतात, तेव्हा निघण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहावा.

दोन रात्रींसाठी पार्कचे तिकीट काढू नका. ओल्ड की वेस्टच्या धक्क्यावरून डिस्ने स्प्रिंग्जच्या बाजारपेठेपर्यंत नदीतून बोट जाते. तिला तिकीट लागत नाही, आणि बाजारपेठेलाही नाही. संध्याकाळी, पाऊस ओसरल्यानंतर जी बोट सुटते तिच्या पुढच्या बाकावर बसावे.